मोल्सवर्थ मूळचे कुठले, आणि नगरकर नगरला का नाहीत?

ताई, आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, पुण्यात छापलेला, जाडजूड, बाइंडिंग सुटलंय पण रोज हातात असतो. परवा नात म्हणाली, आजी, मोल म्हणजे किंमत आणि इंग्लिशमध्ये वर्थ म्हणजे पण किंमत, म्हणजे हे आडनाव 'मोलाचा माणूस' असंच झालं की! मला काही उत्तर देता आलं नाही. खरंच असा काही अर्थ आहे का? इंग्लंडमध्ये या नावाची माणसं कुठे असतात? आणि अजून एक, मुलगा मँचेस्टरला असतो, त्याचे शेजारी बटरवर्थ आहेत, मग हे वर्थवाले सगळे एकमेकांचे भाऊबंद का? – निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

काकू, नातीला आधी शाबासकी द्या, कारण आडनाव फोडून बघायची सवय लागणं ही मोठी गोष्ट आहे आणि तिने फोडलंय ते बरोबर जागी फोडलंय, मोल्स आणि वर्थ असेच दोन तुकडे आहेत. फक्त दोन्ही तुकड्यांचा अर्थ वेगळा आहे. आपलं मोल संस्कृत मूल्यावरून आलंय, त्याचा इथे काही संबंध नाही. आणि हे वर्थ म्हणजे किंमतवालं वर्थ नाही, तो जुन्या इंग्लिशमधला वेगळाच शब्द, अर्थ कुंपण घातलेली जागा, कुंपणाच्या आतलं घर-शेत-गुरं असं सगळं मिळून जे होतं ते. आणि मोल्स म्हणजे जमीन उकरणारा तो मोल नावाचा प्राणीही नाही, खुद्द इंग्लंडातले लोकसुद्धा पहिल्यांदा ऐकलं की तसंच समजतात. तो आहे माणूस, मूल नावाचा. हे नाव सॅक्सन काळात चालायचं, केंटचा एक राजासुद्धा मूल नावाचा होता, त्याला ६८७ साली केंटच्या लोकांनी बंड करून जाळून मारलं अशी नोंद आहे. शब्दाचा अर्थ खेचर, म्हणजे बहुतेक आईवडील वेगवेगळ्या लोकांतले असतील तर पडणारं टोपणनाव असावं. तर मोल्सवर्थ म्हणजे मूलचं कुंपण. हा मूल म्हणजे तो राजा नव्हे हं, दुसराच कुणीतरी साधा जमीनवाला, त्याच्याबद्दल त्याच्या नावापलीकडे काही उरलेलं नाही.

आता मराठीत याला काय म्हणाल? मी तर सरळ वाडी म्हणीन. फुगेवाडी, कासारवाडी, वाकडेवाडी, मुंबई-पुणे रस्त्याने जाताना एकामागोमाग लागतात ना, तसंच हे, कुणाची वाडी तर मूलची वाडी. आणि काकू, कोश हाताशीच आहे तर एक करा, त्यातला वाडी हा शब्द उघडा. पहिलाच अर्थ दिलाय तो कुंपण घातलेल्या जमिनीचा, बागेच्या तुकड्याचा, आवाराचा. शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, छोटी वस्ती, हा अर्थ त्याच्यानंतर दुसऱ्या नंबरला येतो, आणि पुढे कोकणातली गावं अशी वाड्यावाड्यांची मिळून कशी असतात तेही सांगितलंय, मग शहराबाहेरच्या भागाला वाडी म्हणतात तेही. म्हणजे ज्या माणसाच्या आडनावाचा मागचा अर्धा भाग म्हणजे कुंपणातली जागा, त्यानेच आपल्या वाडीचा अर्थ लिहिताना सुरुवात बरोबर तिथूनच केलीये. मला ही नोंद फार आवडते. कोशाच्या प्रती आता सहज मिळत नाहीत, पण शिकागो विद्यापीठाच्या साइटवर तो अख्खा कोश फुकट शोधता येतो, नातीला मोबाइलवर काढून द्या.

कोशकर्त्यांबद्दल दोन ओळी, कारण पुण्याशी त्यांचा संबंध जवळचा आहे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, कंपनीच्या फौजेत अगदी पोरवयात इकडे आले. कँडी बंधूंना बरोबर घेऊन, आणि मुख्य म्हणजे आपल्या शास्त्री-पंडितांना हाताशी धरून पहिला कोश केला तो १८३१ साली निघाला. मग तब्येतीमुळे मायदेशी गेले, इंग्रजी-मराठी कोशाचं अर्धवट काम थॉमस कँडींनी पुरं केलं, तो १८४७ चा. १८५१ ला मोल्सवर्थ पुन्हा आले आणि पुणे-महाबळेश्वरला बसून पहिल्या कोशाची दुसरी आवृत्ती केली, ती १८५७ ची, साठ हजारांच्या आसपास शब्द. तुमच्याकडची प्रत पुण्यात छापलेली म्हणताय म्हणजे शुभदा-सारस्वतने १९७५ ला पुनर्मुद्रण केलं होतं ते असणार. बाइंडिंग करून घ्या पण कडा कापू देऊ नका, बाइंडरला आधीच बजावून सांगा.

आता माणसं कुठे असतात ते. मोल्सवर्थ नावाचं गाव आजही आहे, हंटिंगडन शहराच्या पश्चिमेला, लहानसं खेडं. १०८६ साली विल्यम राजाने सगळ्या राज्याची जमीन-गुरं-नांगर मोजून जी मोठी वही करून घेतली, डूम्सडे बुक म्हणतात तिला, त्यात हे गाव मोल्सवर्दे असं नोंदलंय. दुसऱ्या महायुद्धात गावाशेजारच्या विमानतळावरून अमेरिकन बॉम्बर उडायचे, आणि १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं तेव्हा शांततावाद्यांनी तळाबाहेर मुक्काम ठोकला होता, त्यामुळे इंग्लंडात पन्नाशीच्या पुढच्या लोकांना मोल्सवर्थ म्हटलं की कोशबिश काही नाही, तो तळच आठवतो.

पण या गावात जाऊन मोल्सवर्थ आडनावाची माणसं शोधायची नाहीत. हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी लोकांना उलटं वाटतं. गावावरून आडनाव पडतं ते गाव सोडल्यावर. गावात सगळेच त्या गावचे, तिथे कुणाला काय म्हणून त्या नावाने हाक मारणार? दहा कोस लांब दुसऱ्या गावात जाऊन राहिलं की मग तिथले लोक म्हणतात, हा तो मोल्सवर्थचा. घराण्याच्या वंशावळीत सुरुवातीला सांगतात ते नाव आहे वॉल्टर डी मोल्सवर्थ, १३व्या शतकातलं, पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातलं, त्यातला 'डी' म्हणजे फ्रेंचमधला 'चा'. नॉर्मन राज्यकर्ते फ्रेंच बोलायचे म्हणून कागदोपत्री तो डी लागायचा. पुढे तो गळून गेला आणि नुसतं गावाचं नावच आडनाव होऊन बसलं. आपल्याकडे कर राहिला, त्यांचा डी गेला, म्हणून त्यांच्याकडे बघून कळत नाही की हे गाव आहे, आणि इथेच आपण फसतो, वॉशिंग्टन, लिंकन, मिल्टन ही सगळी मुळात गावंच आहेत.

तर मोल्सवर्थ पांगले ते असे. नाव ब्रिटनमध्ये कधीच मोठ्या संख्येने नव्हतं, आजही दुर्मीळच, पण ज्यांच्या हाती जमीन आणि पदं आली त्यांनी ते लांब लांब नेलं. एक शाखा पार नैर्ऋत्येच्या टोकाला कॉर्नवॉलला गेली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या वेळी जॉन मोल्सवर्थ तिथल्या राजघराण्याच्या जमिनींचा हिशेब तपासायला गेला आणि पेनकॅरो नावाच्या ठिकाणी तिथलाच होऊन राहिला. आता बघा, एक ऑडिटर बदलीवर जातो आणि चारशे-साडेचारशे वर्षांनी जवळच्या वेडब्रिज गावातला मुख्य बाजाररस्ता मोल्सवर्थ स्ट्रीट असतो! याच घराण्यातला हेन्डर मोल्सवर्थ जमैकाचा हंगामी गव्हर्नर झाला, १६८९ ला त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. दुसरी शाखा आयर्लंडला, रॉबर्ट मोल्सवर्थला १७१६ साली तिकडची व्हायकाउंटची पदवी मिळाली, आणि डब्लिनमध्ये त्यांच्या जमिनीवर जो रस्ता पाडला तोही मोल्सवर्थ स्ट्रीट, आज तो थेट आयर्लंडच्या संसदेसमोर जाऊन संपतो. कॉर्नवॉलच्या शाखेतले सर विल्यम मोल्सवर्थ १८५५ मध्ये वसाहतमंत्री होते, त्याच वर्षी वारले, पण न्यूझीलंडच्या वसाहतीला त्यांचा आधीपासून पाठिंबा म्हणून तिथे राजधानी वेलिंग्टनला पुन्हा एक मोल्सवर्थ स्ट्रीट, आणि तिथलीही संसद त्याच रस्त्यावर. दोन देशांच्या संसदांच्या दारात एकाच खेड्याचं नाव, आणि त्या खेड्यात संसद सोडा, धड बाजारपेठ नाही. ऑस्ट्रेलियातही या नावाची गावं आहेत, आणि न्यूझीलंडमधलं गुराढोरांचं सगळ्यात मोठं फार्मसुद्धा मोल्सवर्थच, सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर.

आपले कोशकर्ते यातल्या कुठल्या फांदीवरचे ते मी इथे जोडत बसत नाही, आडनाव सारखं म्हणून वंशावळीत नेऊन बसवणं हे काम मी कधीच करत नाही, का ते खाली वेलस्लीच्या पत्रात येईलच.

आता बटरवर्थ. हो, शेवटचा तुकडा तोच, पण काकू, भाऊबंद अजिबात नाहीत. फुगेवाडीचे आणि सावंतवाडीचे नातेवाईक आहेत का, तसंच. वर्थ म्हणजे नुसतं कुंपण-वस्ती, पुढचा शब्द ज्याचा त्याचा. बटरवर्थ म्हणजे लोण्याचं कुंपण, जिथल्या गवतावर गुरं चांगलं दूध देतात, लोणी भरपूर निघतं अशी जागा. हावर्थ म्हणजे काटेरी झुडपांच्या वईची वाडी. वर्ड्सवर्थ हे यॉर्कशायरच्या वॅड्सवर्थ गावावरून, वॅडी नावाच्या माणसाची वाडी. लंडनमधली वँड्सवर्थ, आयझलवर्थ ही पण असल्याच कुणाकुणाच्या वाड्या होत्या, आज तिथे फ्लॅट घ्यायचा म्हणजे विचारू नका. आणि नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये हाच वर्थ वर्दी होतो, लँगवर्दी, गॉल्सवर्दी. म्हणजे नुसतं शेपूट बघूनसुद्धा एखाद्याचे पूर्वज साधारण कुठल्या बाजूचे ते हेरता येतं.

बटरवर्थ नावाचं ठिकाण रॉचडेलजवळ, आणि रॉचडेल मँचेस्टरच्या लगतच आहे. तुमच्या मुलाच्या शेजाऱ्यांचं आडनाव म्हणजे अगदी तिथलं मातीतलं! १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेची सगळी नावं कंप्युटरवर घातलेली आहेत आणि त्यावरून आडनावांचे नकाशे करतात, त्यात बटरवर्थ बघितलं तर लँकशायरमध्ये, त्यातही रॉचडेलच्या आसपास गर्दीच गर्दी, बाकी देशात तुरळक. गाव सोडलं खरं पण लांब गेलेच नाहीत, शेजारच्या खोऱ्यात लोकरीचं-सुताचं काम मिळालं, तिथेच राहिले, तिथेच वाढले. आणि बरेचसे कामगार लोक, त्यामुळे यांचे किताब कमी, पण माणसं मोल्सवर्थांच्या कित्येक पट. तरी एक बटरवर्थ लांब गेलेच, मद्रासच्या फौजेतले विल्यम जॉन बटरवर्थ, १८४३ ते १८५५ सिंगापूर-पेनांग-मलाक्काचे गव्हर्नर होते, म्हणून मलेशियात पेनांगसमोरच्या किनाऱ्यावर बटरवर्थ नावाचं शहर आहे, फेरी पकडायला लोक तिथे जातात.

मुलाला सांगा, शेजाऱ्यांना एकदा विचार, आजोबा-पणजोबा कुठल्या गावचे? इंग्लंडात चर्चमध्ये बारसं-लग्न-दफन लिहून ठेवायचा हुकूम १५३८ सालचा आहे, सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १८३७ पासून, आणि नावानिशी जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी, त्यामुळे साधा गिरणीकामगारसुद्धा तीन-चारशे वर्षं मागे जाऊ शकतो, आपल्याकडे पंढरपूर-त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्यांवर जेवढी भिस्त ठेवावी लागते तेवढी त्यांना नाही लागत. लोक आवडीने सांगतात, विचारलं की राग येत नाही. फक्त मोल्सवर्थसारखं नाव शोधत असाल तर जुने कागद हंटिंगडनशायर नावाखाली बघायचे, ती काउंटी १९७४ ला केंब्रिजशायरमध्ये मिसळली, आणि ज्यांना हे माहीत नसतं ते भलत्याच कपाटात शोधत बसतात.

ताई, माझं आडनाव नगरकर. कोथरूडला राहतो, आजोबांपासून पुण्यातच. नगरला आमचं घर नाही, जमीन नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि तिथे या आडनावाचं कुणी भेटतही नाही. मग आम्ही नगरचे कसे? मुलगा म्हणतो उगाच लागलंय. आणि आता तर गावाचं नावही बदललं. – एक वाचक, कोथरूड

दादा, वरचं उत्तर वाचलंत ना, तुमचं उत्तर त्यातच अर्धं आहे. नगरला तुमचं कुणी नाही, बरोबर आहे, तसंच असायला हवं. नगरमध्ये राहणाऱ्याला नगरकर कोण म्हणेल? तुमचा जो कोण पूर्वज नगर सोडून निघाला, नोकरीला असेल, भिक्षुकीला असेल, दुष्काळात असेल, त्याला नव्या गावात लोकांनी हे नाव लावलं. मुलाला सांगा उगाच नाही लागलेलं, ते नाव म्हणजे तो माणूस निघाला कुठून याची खूण आहे, आणि घराण्यात बाकी सगळं विसरलं गेलं तरी तेवढी एक गोष्ट टिकलीये. दीनानाथ मंगेशकरांचं बघा, मंगेशकर हे गोव्याच्या मंगेशी गावावरून घेतलेलं, आणि ते गाजलं कुठे तर गोव्याबाहेर, महाराष्ट्रभर, देशभर.

याच्यात एक उपयोगाची गोष्ट आहे. तुमचं नगर म्हणजे अहमदनगरच असेल तर ते शहर निजामशाहीच्या मलिक अहमदने १५व्या शतकाच्या अगदी शेवटी वसवलं, म्हणजे तुमचं आडनाव त्याच्या आधीचं असूच शकत नाही. बहुतेक बरंच नंतरचं असेल. इंग्लंडातसुद्धा असंच ताडून बघतात, गाव कधी वसलं, कधी ओसाड पडलं, त्या दोन तारखांच्या मध्ये आडनाव पडलेलं असणार. तिकडे शेकडो गावं अशी आहेत की गावाचा मागमूस नाही, मेंढ्या चरताहेत, पण त्या गावाचं आडनाव लावणारी माणसं फोनबुकात सापडतात. आणि नाव बदललं म्हणताय, जिल्हा आता अहिल्यानगर झाला, तरी तुमच्या आधारकार्डावरचं नगरकर तसंच राहणार. हंटिंगडनशायर गेलं, मोल्सवर्थ राहिले. आडनाव जुना पत्ता सांभाळून ठेवतं, म्हणून तर मी त्याच्या मागे लागते.

करायचं काय, तर कुलदैवत कुठलं, गोत्र कुठलं, लग्नात मान कुणाला द्यायचा, घरातल्या वयस्कर बायकांना हे विचारा, पुरुषांना नाही, बायकांना जास्त आठवतं असा माझा पक्का अनुभव आहे. बऱ्याच घरांत कर लागायच्या आधीचं कुळकर्णी, जोशी, देशपांडे असं एखादं नाव असतं आणि एखादी आजी ते बोलता बोलता सांगून जाते. ते मिळालं की मग पुढचं दार उघडतं.

मॅडम, आम्ही कॅम्पात लहानाचे मोठे झालो. संगमाजवळच्या पुलाला आमचे वडील वेलस्ली ब्रिज म्हणायचे, वेलस्ली रोडही होता. हे वेलस्ली अस्सल इंग्लिश आडनाव का? सारखं आडनाव म्हणजे सारखं रक्त असं धरायचं का? – एक वाचक, कॅम्प

आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूवाले ड्यूक ऑफ वेलिंग्टन. २० एप्रिल १८०३ ला ते फौज घेऊन पुण्यात शिरले, होळकरांच्या लोकांच्या हातून शहर घेऊन दुसऱ्या बाजीरावाला परत गादीवर बसवायला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात असईची लढाई. नाव इंग्लिशच, इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये वेल्स शहराजवळच्या एका जागेचं, पण घराणं कित्येक पिढ्या आयर्लंडात मुरलेलं. आणि गंमत पुढेच आहे. आर्थरचे आजोबा जन्माने वेस्लीसुद्धा (वेलस्लीचं तेव्हाचं रूप) नव्हते, ते होते रिचर्ड कॉली. १७२८ साली गॅरेट वेस्ली नावाच्या निपुत्रिक नातेवाइकाची इस्टेट त्यांना मिळाली ती नाव लावायच्या अटीवर, म्हणून कॉलीचे वेस्ली झाले. आपल्याकडे दत्तक गेल्यावर आडनाव बदलतं तसंच झालं ना हे? पुढे १७९८ मध्ये आर्थरच्या थोरल्या भावाने, जो इथे गव्हर्नर जनरल होता, स्पेलिंग जुन्या थाटाचं वेलस्ली केलं आणि आर्थरनेही ते उचललं. म्हणजे त्या पुलावर ज्या माणसाचं नाव होतं, तो बापाच्या बापाकडून कॉली, आडनाव आलं इस्टेटीबरोबर, आणि स्पेलिंग आलं भावाकडून. आता सांगा, रक्त कुठे आणि नाव कुठे!

तरी रक्ताचा अजिबात संबंध नसतो असंही नाही, ते आडनाव किती दुर्मीळ आहे त्यावर असतं. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स, जनुकशास्त्रज्ञ, त्यांनी स्वतःच्याच आडनावावर प्रयोग केला. साइक्स म्हणजे ओहोळ, शेताच्या हद्दीवरची पाण्याची चर, असल्या चरी यॉर्कशायरमध्ये जागोजाग, म्हणून सगळ्यांना वाटायचं की हे नाव अनेक ठिकाणी अनेकांना वेगवेगळं पडलं असेल. त्यांनी एकमेकांशी ओळखपाळख नसलेल्या साइक्स पुरुषांचे नमुने मागवले, ४८ जणांचे तपासले, त्यात २१ जणांचा बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा नमुना हुबेहूब एक निघाला. २००० साली हे छापून आलं. म्हणजे बहुतेक एकच मूळ पुरुष, सातशे-आठशे वर्षांपूर्वीचा. आणि उरलेले २७? दत्तक, जावयाने सासऱ्याचं नाव लावलेलं, आईचं नाव लागलेलं, किंवा घरात कुणी न बोललेली एखादी गोष्ट. दर पिढीला असं थोडंथोडं झालं तरी इतक्या शतकांत निम्म्याहून जास्त माणसं वेगळ्या रक्ताची होतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, ती त्याच घरात वाढली, त्याच घराची झाली.

उलट स्मिथ घ्या, १८८१ ला ब्रिटनमध्ये चार लाखांहून जास्त स्मिथ होते, गावोगाव लोहार होता तेवढी मुळं, त्यांची तपासणी केली तर कुणाचं कुणाशी जुळत नाही. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांचं तेच, गावोगाव पाटीलकी होती तेवढे पाटील. मोल्सवर्थसारखं एका गावाचं दुर्मीळ नाव असेल तर दोघे भेटल्यावर नातं निघायची शक्यता बरीच, पाटील-पाटील भेटले तर चहा प्यावा आणि निघावं.

फर्ग्युसन कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून आहे ते इंग्लिश का? आणि बंडगार्डनच्या जुन्या पुलाच्या नावातला फिट्झ काय आहे? – एक विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना

सर जेम्स फर्ग्युसन, १८८० ते १८८५ मुंबईचे गव्हर्नर, पण माणूस स्कॉटिश. नावाचा अर्थ फर्गसचा मुलगा, फर्गस हे गेलिक भाषेतलं नाव, शेवटचा सन म्हणजे मुलगा. स्पेलिंगमध्ये दोन एस आहेत ते नीट बघून लिही, घाईत एकच लिहिलेलं फार दिसतं. फिट्झगेराल्डमधला फिट्झ पण मुलगाच, फक्त नॉर्मन फ्रेंचमधला, आणि तो पुढे लागतो, म्हणजे जेराल्डचा मुलगा, घराणं मुख्यतः आयर्लंडचं. पूल १८६७ चा, आणि गव्हर्नर सिमोर फिट्झगेराल्ड त्याच वर्षी मुंबईला आले. एकाचा मुलगा मागे, एकाचा पुढे, आणि आपण बापाचं नाव मधे घालतो, तेवढाच फरक. ब्रिटिश आणि इंग्लिश हे दोन वेगळे धरायचे एवढं परीक्षेत लक्षात ठेव, स्कॉटिश माणसाला इंग्लिश लिहिलंस तर त्याला ते चालत नाही.